डिस्क बिघडली, पण कधी?

डीव्हीडी राइट करताना एक डिस्क वाया गेली की बहुतेक जण तीच फाइल, तोच वेग आणि तेच सॉफ्टवेअर ठेवून दुसरी कोरी डिस्क ट्रेमध्ये सरकवतात. तीही गेली की डिस्कच्या कंपनीला नावे ठेवतात. पण गडबड नेमकी कधी झाली, हे मात्र कोणी पाहत नाही. बर्निंग सुरू होण्याआधीच अडले, मध्येच थांबले, की शंभर टक्के पूर्ण होऊनही डिस्क चालेना? तापाच्या रुग्णाला डॉक्टर आधी ‘कधीपासून?’ असे विचारतात, कारण निम्मे निदान त्या उत्तरातच असते. डिस्कचेही तसेच आहे. वेळ कळली की संशयितांची यादी निम्म्याहून लहान होते.

पेनड्राइव्ह आणि क्लाउडच्या काळातही हा विषय संपलेला नाही. एमआरआयच्या प्रतिमा अनेक ठिकाणी अजून डिस्कवर मिळतात. सीसीटीव्हीचे चित्रण पोलिसांत किंवा न्यायालयात डीव्हीडीवर दिले जाते. वीस वर्षांपूर्वी स्टुडिओवाल्याने दिलेली लग्नाची डीव्हीडी खराब होण्याआधी तिची इमेज काढून नातेवाइकांसाठी नव्या प्रती करणारी घरेही पुष्कळ आहेत. जुन्या संगणकात लिनक्स टाकायचे आणि तो पेनड्राइव्हवरून सुरूच होत नसेल, तर डीव्हीडीशिवाय गत्यंतर नसते.

इमेज म्हणजे साधी फाइल नव्हे

डिस्क इमेज दिसते एका फाइलसारखी, पण ती असते अख्ख्या डिस्कची सेक्टरगणिक उतरवलेली प्रत. डेटा डीव्हीडीवरचा प्रत्येक सेक्टर २,०४८ बाइटचा असतो, आणि आयएसओ फाइलमध्ये हे सेक्टर डिस्कवरच्याच क्रमाने मांडलेले असतात. आयएसओ ९६६० या १९८८ च्या मानकानुसार पहिले १६ सेक्टर, म्हणजे ३२ केबी जागा, राखून ठेवलेली असते. तिच्या लगेच पुढच्या सेक्टरमध्ये डिस्कचे ओळखपत्र असते आणि त्यात ‘सीडी००१’ ही पाच अक्षरांची खूण असते. डिस्क टाकल्यावर संगणक आधी या ठरलेल्या जागी जाऊन पाहतो.

सर्वांत जास्त डिस्क वाया घालवणारी चूक इथेच होते. आयएसओ फाइल धरून डीव्हीडीच्या खिडकीत टाकली आणि ‘बर्न’ दाबले, तर संगणक नवी डेटा डिस्क तयार करतो आणि त्या डिस्कवर एक फाइल म्हणून आयएसओ ठेवतो. इमेज उलगडली जात नाही. लक्षण ओळखायला सोपे आहे. डिस्क उघडल्यावर आत फक्त एकच मोठी आयएसओ फाइल दिसली, तर ती संगणक सुरू करायला किंवा प्लेअरवर सिनेमा दाखवायला उपयोगाची नाही. अनेक फाइली आणि फोल्डर दिसले, तर इमेज नीट उतरली आहे.

विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून, इमेज उतरवण्याची सोय विंडोजमध्येच आहे. आयएसओवर राइट क्लिक करून ‘बर्न डिस्क इमेज’ निवडायचे. हा पर्याय मेनूमधून गायब झाला असेल, तर बहुधा एखाद्या झिप उघडणाऱ्या सॉफ्टवेअरने आयएसओ फाइली स्वतःच्या नावावर करून घेतलेल्या असतात. ‘ओपन विथ’मध्ये जाऊन विंडोजचा डिस्क इमेज बर्नर निवडला की काम होते. इमगबर्न या मोफत सॉफ्टवेअरची शेवटची आवृत्ती २०१३ ची आहे, तरी जाणकार आजही तेच वापरतात, कारण ते काय करत आहे आणि कुठे अडले हे ओळीओळीने दाखवते. लिनक्सवर केथ्रीबी आणि ब्रॅसेरो आहेत. मॅकच्या डिस्क युटिलिटीतून बर्निंग २०१५ मध्ये काढून टाकले गेले, पण फाइंडरमधून ते अजूनही करता येते.

प्रत्येक इमेज आयएसओच असते असेही नाही. बिन फाइलच्या सोबत क्यू नावाची छोटी मजकूर फाइल येते. कोणता ट्रॅक कुठे सुरू होतो ते तिच्यात लिहिलेले असते. नीरोची इमेज एनआरजी, अल्कोहोल १२०% ची एमडीएफ-एमडीएस अशी जोडी, क्लोनसीडीची सीसीडी, आयएमजी आणि सब अशी तिकडी. जोडीतली एक फाइल हरवली की बर्नर अडतो. फाइलचे नाव बदलून शेवटी आयएसओ लिहिल्याने आतली मांडणी बदलत नाही. सीडीवरून काढलेल्या बिनमध्ये अनेकदा सेक्टर २,३५२ बाइटचे असतात, त्यामुळे ती आयएसओ समजून उतरवली की सगळी जुळणी बिघडते. अशा वेळी मूळ जोडीच बर्नरला द्यावी किंवा फाइल रीतसर रूपांतरित करून घ्यावी.

सुरू होण्याआधीच अडले तर

बर्नरने डिस्कला हात लावण्याआधीच नकार दिला, तर लेझरला दोष देण्यात अर्थ नाही. दोष फाइलमध्ये, जागेत किंवा रायटरच्या प्रकारात शोधावा.

आधी जागा. डीव्हीडीच्या पाकिटावर ४.७ जीबी लिहिलेले असते आणि विंडोज तीच डिस्क ४.३७ जीबीची दाखवते. कंपनीने फसवलेले नसते. कंपनी एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरते. विंडोज १,०७,३७,४१,८२४ बाइट धरते. म्हणून फाइलचे गुणधर्म उघडून बाइटमधला नेमका आकडा पाहावा. एका थराच्या प्लस (डीव्हीडी+आर) डिस्कवर ४,७०,०३,७२,९९२ बाइट मावतात आणि मायनस (डीव्हीडी-आर) डिस्कवर ४,७०,७३,१९,८०८. फरक जेमतेम सात एमबीचा, पण काठोकाठ भरलेली इमेज मायनसवर मावते आणि प्लसवर नाही, असे खरोखर घडते. विंडोज ११ किंवा उबंटूच्या अलीकडच्या इमेज पाच जीबीच्या पुढे गेल्या आहेत. त्या साध्या डीव्हीडीवर बसणारच नाहीत; त्यांना ८.५ जीबीची दोन थरांची डिस्क लागते, नाहीतर पेनड्राइव्ह.

मग रायटर. जुन्या संगणकांत ‘कॉम्बो’ ड्राइव्ह असत. ते डीव्हीडी वाचत, पण लिहीत फक्त सीडी. कोरी डीव्हीडी टाकली तर ‘डिस्क टाका’ असा निरोप पुन्हा पुन्हा येत राहतो. ट्रेच्या दर्शनी पट्टीवर काय छापले आहे ते वाचावे. ‘डीव्हीडी-रॉम’ म्हणजे फक्त वाचणारा. लिहिणाऱ्यावर ‘डीव्हीडी आर’ किंवा ‘आरडब्ल्यू’ असते. अगदी जुने रायटर प्लस आणि मायनसपैकी एकच प्रकार ओळखतात, कारण ही दोन वेगवेगळ्या गटांची मानके आहेत. मायनस डिस्क पायोनियरने १९९७ मध्ये आणली, प्लस आर २००२ मध्ये फिलिप्स, सोनी आदींच्या गटाकडून आली.

राहिली फाइल. डाउनलोड मध्येच तुटले तरी फाइल पूर्ण असल्यासारखी दिसते. पहिली झटपट चाचणी गणिताची. आयएसओच्या आकाराला २,०४८ ने भागावे. बाकी उरली तर फाइल बहुधा अपुरी आहे. बाकी शून्य आली म्हणजे फाइल निर्दोष, असे मात्र नाही. त्यासाठी हॅश तपासावा लागतो. हॅश म्हणजे फाइलमधल्या प्रत्येक बिटवरून काढलेला एक लांबलचक आकडा. एक बिट जरी बदलला तरी तो पूर्ण बदलतो. लिनक्सच्या इमेजसोबत तो संकेतस्थळावर दिलेला असतो. विंडोजच्या कमांड खिडकीतील सर्टयूटिल आणि लिनक्समधील एसएचए२५६सम हा आकडा काढून देतात. दोन्ही जुळले की फाइलवरचा संशय संपला. न्यायालयातही याच आकड्याला महत्त्व आले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात इलेक्ट्रॉनिक नोंदीचा हॅश नमूद करावा लागतो. चित्रण डिस्कवर देणाऱ्याने तो बर्न करण्याआधीच काढून ठेवलेला बरा.

इमेज पेनड्राइव्हवरून आणली असेल तर आणखी एक खोच आहे. पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल, तर त्यावर ४,२९,४९,६७,२९५ बाइटपेक्षा मोठी एकच फाइल राहू शकत नाही. मोठी इमेज तिथे जातच नाही किंवा अर्धवट राहते.

फाइल चांगली आहे की नाही, हे डिस्क न वापरताही कळते. विंडोज ८ पासून आयएसओवर डबल क्लिक केले की ती आभासी ड्राइव्ह म्हणून उघडते. सुरू होणारी इमेज असेल तर व्हर्च्युअलबॉक्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये तिच्यावरून आभासी संगणक चालू करून पाहता येतो. तिथेही ती चालली नाही, तर कोऱ्या डिस्कचे पाकीट उघडायची गरज नाही.

चालू असताना थांबले तर

बर्न करताना डीव्हीडीचा लेझर खड्डे खणत नाही. कोऱ्या डिस्कमध्ये सेंद्रिय रंगद्रव्याचा पातळ थर असतो. ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा लेझर त्या थराचे ठरावीक ठिपके तापवतो आणि तिथून प्रकाश कमी परावर्तित होऊ लागतो. शेजारशेजारच्या दोन वळणांत अंतर अवघे ०.७४ मायक्रोमीटर. सीडीत ते १.६ मायक्रोमीटर असते. एवढ्या दाटीत लेझरची शक्ती थोडी जरी चुकली तरी ठिपके एकमेकांत मिसळतात किंवा फिकट राहतात.

म्हणून रायटर मजकूर लिहिण्याआधी डिस्कच्या आतल्या कडेजवळ राखलेल्या पट्ट्यात वेगवेगळ्या शक्तीने चाचणी घेतो आणि स्वतःच सर्वांत योग्य शक्ती ठरवतो. ‘पॉवर कॅलिब्रेशन एरर’ येतो तो या टप्प्यावर. त्याचा अर्थ असा, की रायटरला या डिस्कवर समाधानकारक ठिपका उमटवता आला नाही. कारणे तीन: डिस्क हलकी किंवा जुनी, लेन्सवर धूळ, किंवा लेझर थकलेला. दुसऱ्या कंपनीची डिस्क त्याच रायटरमध्ये चालली तर पहिली डिस्क दोषी. कोणतीच चालेना, तर रायटर.

‘दुसऱ्या कंपनीची’ म्हणताना पाकिटावरचे नाव पुरेसे नसते. प्रत्येक कोऱ्या डिस्कवर कारखान्याचा सांकेतिक क्रमांक आधीच कोरलेला असतो आणि इमगबर्न तो दाखवते. दिल्लीजवळच्या नोएडा परिसरात कारखाने असलेली मोझर बेअर जगभरच्या अनेक ब्रँडना डिस्क पुरवत असे. २०१८ मध्ये ती दिवाळखोरीत निघून तिच्या विसर्जनाचा आदेश झाला. म्हणजे दोन वेगळ्या वेष्टनांत एकाच कारखान्याची डिस्क असू शकते. रायटरसुद्धा याच क्रमांकावरून डिस्क ओळखतो. कोणत्या क्रमांकाला किती शक्ती आणि कोणती लय, याची यादी त्याच्या फर्मवेअरमध्ये असते. यादीत नसलेली डिस्क तो ढोबळ अंदाजाने लिहितो. फर्मवेअर अद्ययावत केल्यावर पूर्वी न चाललेल्या डिस्क चालू लागतात, त्या यामुळे.

काम निम्म्यावर आल्यावर वेग मंदावत असेल, तर डेटा पुरेशा गतीने पोहोचत नाही असे समजावे. डीव्हीडीचा एकपट वेग सेकंदाला १,३८५ केबी असतो, म्हणजे सोळापट वेगाला जवळपास २२ एमबी लागतात. पेनड्राइव्हवरून, वायफायवरून किंवा अँटिव्हायरसची तपासणी चालू असलेल्या संगणकावरून इतका अखंड पुरवठा होईलच असे नाही. पूर्वी पुरवठा तुटला की डिस्क तिथेच वाया जाई. सॅन्योने २००० साली आणलेल्या बर्नप्रूफ तंत्रामुळे रायटर लेझर थांबवून तिथूनच पुढे लिहू लागला. डिस्क वाचते, पण प्रत्येक थांब्याला एक बारीक सांधा राहतो. इमेज आधी संगणकाच्या हार्डडिस्कवर कॉपी करून मगच बर्न करावी.

यूएसबीवर चालणारे पातळ रायटर विजेच्या अभावी मध्येच बंद पडतात. यूएसबी २.० चे तोंड ५०० मिलिअँपिअरपर्यंत पुरवठ्याची हमी देते आणि लिहिताना अशा रायटरला त्याहून जास्त लागू शकते. म्हणून काही रायटरसोबत दोन तोंडांची केबल येते. ती दोन्ही तोंडे लावावीत. हब किंवा कॅबिनेटचे पुढचे तोंड टाळून मागचे वापरावे.

नव्वद टक्क्यांच्या पुढे बिघाड होत असेल, तर डिस्कच्या बाहेरच्या कडेकडे पाहावे. डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते. कडेला डिस्कचा किंचितसा वाकही जास्त जाणवतो, रंगद्रव्याचा थर असमान असण्याची शक्यता तिथेच अधिक आणि बोटांचे ठसेही तिथेच. शिवाय सोळापट वेग रायटर गाठतो तो शेवटच्या भागातच. अशा वेळी वेग कमी करावा. सोळापटच्या डिस्कवर आठपट वेग बहुधा सुरक्षित असतो. चारपट वेगाने पूर्ण डिस्कला साधारण १४ मिनिटे लागतात. अगदी एकपटावर उतरणे मात्र नेहमीच फायद्याचे नाही, कारण या डिस्कचे रंगद्रव्य आणि फर्मवेअरमधल्या सूचना जलद लिखाणासाठी बेतलेल्या असतात. डिस्कवर कागदी लेबलही चिकटवू नये. ते समतोल बिघडवते आणि कडेला थरथर वाढते.

दोन थरांच्या डिस्कला आणखी एक अडचण असते. पहिला थर कुठे संपवून दुसऱ्यावर जायचे हे आधी ठरवावे लागते आणि सिनेमाच्या डिस्कमध्ये ती जागा ठरावीक ठिकाणीच चालते. मूळ डिस्कवरून इमेज काढताना तयार झालेली एमडीएस फाइल जपावी, कारण ही जागा तीत नोंदलेली असते.

शंभर टक्के झाले, तरी चालेना

‘बर्न यशस्वी’ या निरोपाचा अर्थ एवढाच, की रायटरने सर्व सेक्टर लिहायला पाठवले. ते वाचताही येतात की नाही हे कळण्यासाठी ‘व्हेरिफाय’चा पर्याय चालू ठेवावा. त्यात वेळ लागतो, पण नंतरची निम्मी कटकट वाचते. व्हेरिफाय त्याच रायटरवर पास झाले आणि डिस्क दुसरीकडे चालेना, तर तपासाची दिशा बदलते. आता प्रश्न लिहिण्याचा नाही, वाचणाऱ्याचा आहे.

डिस्क ‘फायनलाइज’ झाली नसेल, म्हणजे शेवटी लीड-आउट लिहून ती बंद केली नसेल, तर घरचे प्लेअर तिला अनेकदा ओळखतच नाहीत. पुन्हा लिहिता येणाऱ्या आणि दोन थरांच्या डिस्कचे परावर्तन १८ ते ३० टक्के असते. छापील एकथरी डिस्कचे ४५ ते ८५ टक्के. जुन्या प्लेअरचा लेझर इथे कमी पडतो. प्लस डिस्कबाबत काही रायटर डिस्कवर ‘मी छापील डीव्हीडी-रॉम आहे’ अशी नोंद लिहू शकतात, आणि त्यामुळे काही हट्टी प्लेअर नमतात.

लग्नाची डिस्क संगणकावर दिसते पण टीव्हीला जोडलेल्या प्लेअरवर दिसत नाही, तर आत काय आहे ते पाहावे. डीव्हीडी-व्हिडिओत ‘व्हिडिओ_टीएस’ नावाचे फोल्डर आणि त्यात आयएफओ, व्हीओबी, बीयूपी या फाइली असाव्या लागतात. नुसती एमपी४ फाइल साधा प्लेअर ओळखत नाही. अशा वेळी बर्निंगमध्ये दोष नसतो. ऑथरिंगची, म्हणजे व्हिडिओ या मांडणीत बसवण्याची, पायरीच वगळलेली असते. भारतातल्या पाल पद्धतीत चित्र ७२० बाय ५७६ आणि सेकंदाला २५ फ्रेम असते. अमेरिकेतल्या नातेवाइकाला पाठवायची डिस्क असेल, तर तिथला एनटीएससी प्लेअर ती दाखवेलच असे नाही, म्हणून रूपांतर आधीच करावे.

संगणक डिस्कवरून सुरू होत नसेल, तर आधी ती दुसऱ्या संगणकावर लावून पाहावी. तिथे चालली तर पहिल्याचा बूट क्रम, सिक्युअर बूट आणि बायोस की यूईएफआय हे पाहावे. काही इमेज दोन्हींसाठी असतात, काही एकासाठीच. डिस्कवरून संगणक सुरू करण्याची एल टोरिटो ही पद्धत फिनिक्स आणि आयबीएमने १९९५ मध्ये ठरवली. तिची नोंद इमेजमध्येच असते. म्हणून नुसत्या फाइली कॉपी करून बनवलेल्या डिस्कवरून संगणक सुरू होत नाही. ३२ बिटच्या जुन्या यंत्राला ६४ बिटची इमेज दिली असेल, तर डिस्क कितीही निर्दोष असो, उपयोग नाही. आणि फक्त सीडी वाचणाऱ्या ड्राइव्हमधला ७८० नॅनोमीटरचा लेझर डीव्हीडी वाचूच शकत नाही.

एका वेळी एकच बदल

डिस्क, वेग आणि सॉफ्टवेअर एकदम बदलले आणि डिस्क चालली, तर समाधान मिळते, पण कारण कळत नाही, आणि पुढच्या वेळी सगळे पुन्हा पहिल्यापासून. म्हणून क्रम स्वस्ताकडून महागाकडे ठेवावा. आधी हॅश आणि बाइटमधला आकार. यात एक रुपयाही लागत नाही. मग इमेज आभासी ड्राइव्हवर उघडून पाहणे. मग वेग कमी करून व्हेरिफायसह बर्न करणे. मग वेगळ्या कारखान्याच्या क्रमांकाची डिस्क. प्रयोगासाठी आरडब्ल्यू डिस्क वापरली तर तीच पुन्हा पुन्हा पुसून लिहिता येते. मात्र तिचे रसायन वेगळे असल्यामुळे ती फाइल आणि सॉफ्टवेअर तपासायला चांगली, रंगद्रव्याच्या डिस्कचा दर्जा ठरवायला नाही.

प्रत्येक प्रयत्नाला डिस्कचा क्रमांक, वेग आणि किती टक्क्यांवर थांबले एवढे तरी कागदावर टिपून ठेवावे. वेगवेगळ्या डिस्क एकाच टक्क्याला थांबत असतील, तर इमेजची फाइल असलेल्या हार्डडिस्कची तपासणी करावी. तिथला एखादा सेक्टर वाचता येत नसेल. प्रत्येक डिस्क वेगळ्या ठिकाणी थांबत असेल, तर वीज, केबल आणि लेन्स पाहावी. आणि दोन वेगळ्या कारखान्यांच्या डिस्क, तपासलेली फाइल आणि कमी वेग असूनही व्हेरिफाय फसत असेल, तर तिसरी डिस्क उघडू नये. तो पैसा नव्या रायटरकडे वळवावा, किंवा समोरचे यंत्र घेत असेल तर सरळ पेनड्राइव्ह द्यावा.